रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सच्या सैनिकांची आठवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डब्लिनला नोकरीसाठी आलेली आपली मंडळी वीकेंडला सेंट स्टीफन्स ग्रीनमध्ये फिरायला जातात, गेटवरची मोठी कमान बघतात, कोणीतरी सांगतं की ही मुंबईत सुरू झालेल्या पलटणीची आहे, आणि मग मला मेसेज येतो. पुण्याहून पण येतात, खडकीत राहणाऱ्यांचे तर जास्तच. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी काही इतिहासकार नाही, इथे राहून वाचणारा आणि हिंडणारा माणूस आहे. ज्या गोष्टीचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलंय तिथे फक्त नंबर दिलाय, तो बघा, परत टाईप करत बसत नाही.

१. ही रेजिमेंट नक्की ब्रिटिश की आयरिश?

ब्रिटिश आर्मीची इन्फंट्री रेजिमेंट, पण माणसं बहुतेक आयरिश. भरती डब्लिन, किल्डेअर, विकलो आणि कार्लो या पट्ट्यातली, डेपो नास गावात. १८८१ साली ब्रिटिश आर्मीत मोठी फेररचना झाली तेव्हा कंपनी सरकारच्या काळातल्या दोन जुन्या पलटणी एकत्र करून ही बनवली. मद्रासवाली १०२ नंबरची पलटण झाली पहिली बटालियन, मुंबईवाली १०३ नंबरची झाली दुसरी. मुंबईवाल्यांना 'ओल्ड टफ्स' म्हणायचे, मद्रासवाल्यांना 'ब्लू कॅप्स'.

टोपीवरचा बिल्ला बघण्यासारखा आहे. पेटलेला ग्रेनेड, त्याच्या गोळ्यावर वाघ आणि खाली हत्ती. हाच बिल्ला युद्धातल्या कबरींच्या दगडावर कोरलेला असतो, त्यामुळे बेल्जियममधल्या एखाद्या स्मशानात शंभर पांढरे दगड ओळीने उभे असले आणि त्यातल्या एकावर हत्ती दिसला की समजायचं, हा डब्लिनवाला.

२. मुंबईशी संबंध खरा आहे का उगाच कोणीतरी जोडलेला?

खरा आहे, आणि वाटतो त्यापेक्षा जुना. मुंबई पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात दुसऱ्या चार्ल्सला मिळाली हे आपण शाळेत शिकलोय. पुढचं शाळेत सांगत नाहीत. ताबा घ्यायला सर अब्राहम शिपमन साधारण ४०० सैनिक घेऊन १६६२ ला आला, पोर्तुगीज अधिकाऱ्याने काहीतरी खुसपट काढून ताबा दिला नाही, आणि हे सगळे लोक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसले. तिथे आजारपणाने पटापट मेले. शिपमन स्वतः १६६४ ला तिथेच गेला. १६६५ च्या फेब्रुवारीत हम्फ्री कुकने शेवटी मुंबईचा ताबा घेतला तेव्हा जेमतेम शंभरेक माणसं उरली होती. १६६८ मध्ये राजाने मुंबई कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने देऊन टाकली आणि हे उरलेले लोक कंपनीच्या नोकरीत शिरले. त्यांचीच पुढे बॉम्बे युरोपियन रेजिमेंट झाली, १८६२ ला ती राणीच्या आर्मीत १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलियर्स म्हणून गेली, आणि मग वर सांगितलं तसं १८८१ ला डब्लिन.

म्हणजे या रेजिमेंटचे पहिले मेलेले लोक डब्लिनचेही नाहीत आणि फ्रान्समध्येही नाहीत, ते अंजदीववर आहेत, आज गोव्याच्या हद्दीत. त्यांच्यासाठी कोणी पॉपी, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी छातीवर लावतात ते लाल फूल, लावत नाही.

३. रेजिमेंट तर कधीच बंद झाली म्हणतात, मग आता आठवण कोण काढतं?

१९२२ ला बंद झाली. आयर्लंडचा मोठा भाग स्वतंत्र झाला, तिथली भरतीच संपली, त्यामुळे दक्षिणेकडच्या आयरिश रेजिमेंट्स मोडीत काढल्या. १२ जून १९२२ ला विंडसर कॅसलमध्ये पाचव्या जॉर्जकडे त्यांनी आपली निशाणं सुपूर्त केली, ती तिथेच आहेत.

इथेच सगळा गुंता आहे. इंग्लंडमधल्या रेजिमेंटचं काय होतं, की ती दुसऱ्या रेजिमेंटमध्ये विलीन झाली तरी म्युझियम राहतं, गावातलं चर्च राहतं, म्हाताऱ्या सैनिकांचं वर्षाचं जेवण राहतं. या लोकांचं तसं काही राहिलं नाही. लंडनला ते परक्या देशाचे झाले आणि डब्लिनला ते शत्रूच्या आर्मीतले. घरात मेडल असायचं पण ड्रॉवरच्या तळाशी. १९९६ मध्ये डब्लिनमध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स असोसिएशन सुरू झाली, नातवंडं-पतवंडं आणि इतिहासाची आवड असलेले लोक, तेव्हापासून नावं शोधणं, व्याख्यानं, स्मरणाचे कार्यक्रम हे नीट सुरू झालं. त्यांची कागदपत्रं पिअर्स स्ट्रीटवरच्या डब्लिन सिटी लायब्ररी अँड आर्काइव्हमध्ये ठेवलीयत.

४. डब्लिनमध्ये बघायला नेमकं कुठे जायचं?

एका दिवसात होतं, शनिवार ठेवा.

पहिली ती कमान, फ्युझिलियर्स आर्च, ग्राफ्टन स्ट्रीट संपतो तिथे सेंट स्टीफन्स ग्रीनच्या कोपऱ्यावर. १९०७ ची. बोअर युद्धात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत डच वंशाच्या बोअर लोकांशी झालेल्या इंग्रजांच्या लढाईत, मेलेल्यांची नावं कमानीच्या आतल्या बाजूला, डोक्यावर कोरलीयत. रोज हजारो लोक त्या खालून कॉफीचे कप घेऊन जातात आणि मान वर करत नाहीत, तुम्ही करा. टलाना, कोलेन्सो, लेडीस्मिथ अशी लढायांची नावं पण आहेत. इंग्रजांविरुद्धच्या १९१६ च्या आयरिश बंडातल्या गोळ्यांचे खड्डे पण दगडात दिसतात.

तिथेच ग्रीनच्या आत टॉम केटलचा अर्धपुतळा आहे, त्याच्याबद्दल प्रश्न ९ मध्ये.

दुसरी जागा आयलंडब्रिज, लिफी नदीकाठी, वॉर मेमोरियल गार्डन्स. लुटियन्सने डिझाईन केलंय, होय तोच, दिल्लीचा इंडिया गेटवाला. बांधायला माणसं लावली ती मुद्दाम अर्धी ब्रिटिश आर्मीतले माजी सैनिक आणि अर्धी नव्या आयरिश आर्मीतले. काम तीसच्या दशकात झालं पण रीतसर लोकार्पण व्हायला १० सप्टेंबर १९८८ उजाडलं, मधली कित्येक वर्षं तिथे अक्षरशः उकिरडा होता. ग्रॅनाईटच्या चार छोट्या खोल्या आहेत, आयर्लंडच्या चार प्रांतांच्या नावाने, त्यात मेलेल्यांच्या नावांची पुस्तकं ठेवलेली असतात. खोल्या एरवी कुलूपबंद असतात, आत जायचं असेल तर आधी विचारून जा. गुलाबांसाठी जून-जुलै बरा.

वेळ उरला तर फिनिक्स पार्कला लागून असलेली ग्रेंजगोरमन मिलिटरी सिमेट्री. शांत आहे, पर्यटक नसतात.

५. त्या कमानीला 'ट्रेटर्स गेट' का म्हणतात? टॅक्सीवाल्याने सांगितलं.

कारण बोअर युद्धाच्या वेळी आयरिश राष्ट्रवाद्यांची सहानुभूती बोअरांच्या बाजूला होती. इंग्रजांशी लढणारा तो आपला, असा साधा हिशोब. मग त्याच इंग्रजांसाठी लढून मेलेल्या डब्लिनच्या पोरांची कमान गावाच्या मधोमध उभी राहिली तेव्हा लोकांनी तिला गद्दारांचं गेट म्हटलं. आता ते नाव कोणी रागाने घेत नाही, जुने लोक किस्सा म्हणून सांगतात. पण एखाद्याच्या पणजोबाचं नाव वर असू शकतं, एवढं लक्षात ठेवून बोला.

६. स्मरणदिन नक्की कधी असतो? ११ नोव्हेंबर, रविवार, जुलै, एप्रिल, सगळंच ऐकलंय.

सगळंच बरोबर आहे, दिवस वेगवेगळे आहेत.

११ नोव्हेंबर म्हणजे पहिलं महायुद्ध थांबलं तो दिवस, सकाळी ११ वाजता शांतता पाळतात. त्याच्या जवळचा रविवार म्हणजे रिमेम्ब्रन्स संडे, त्या दिवशी डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असते. १९९३ साली राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन तिथे गेल्या, तोपर्यंत आयर्लंडचा कुठलाही राष्ट्राध्यक्ष गेला नव्हता, तेव्हा ती मोठी बातमी होती. जुलैमधला आहे नॅशनल डे ऑफ कमेमोरेशन, ११ जुलैच्या जवळचा रविवार, आयरिश आणि ब्रिटिशांमधल्या १९२१ च्या युद्धबंदीची तारीख म्हणून. तो आयर्लंड सरकारचा स्वतःचा दिवस, त्यात कुठल्याही युद्धात किंवा युनोच्या शांतिसेनेत मेलेले सगळे आयरिश येतात. आणि २५ एप्रिल म्हणजे गॅलिपोली, पहिल्या महायुद्धातली तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरची चढाई. आपल्या रेजिमेंटसाठी खरं तर हाच मोठा दिवस, त्याचं कारण पुढच्या उत्तरात.

७. २५ एप्रिल तर ऑस्ट्रेलियावाल्यांचा दिवस ना?

जगाला तेवढंच माहीत आहे. पण २५ एप्रिल १९१५ च्या सकाळी पहिली बटालियन गॅलिपोलीच्या टोकाला व्ही बीचवर उतरत होती, काही जण उघड्या होड्यांतून आणि काही 'रिव्हर क्लाईड' नावाच्या कोळशाच्या जहाजातून, जे मुद्दाम किनाऱ्यावर चढवलं होतं. वर तुर्कांच्या मशीनगन तयार. होड्यांतले बरेचसे पाण्यातच गेले. त्यांच्याबरोबर उतरलेला फादर विल्यम फिन तिथेच मारला गेला, त्या युद्धात मेलेला तो ब्रिटिश आर्मीचा पहिला कॅथलिक पाद्री. काही दिवसांत दोन आयरिश बटालियनमध्ये मिळून इतकी कमी माणसं उरली की त्यांची तात्पुरती एकच बटालियन केली, डब्लिन आणि मन्स्टर मिळून 'डब्स्टर्स'. असला विनोद सैनिकांनाच सुचतो.

जवळजवळ एका महिन्यानंतर, २४ मे ला, दुसरी बटालियन म्हणजे आपली मुंबईवाली, बेल्जियममध्ये ईप्रजवळ माउसट्रॅप फार्मला होती. पहाटे जर्मनांनी विषारी वायू सोडला. सकाळी ६६६ जण होते, रात्री १ ऑफिसर आणि २० जवान. डब्लिनच्या कामगार वस्त्यांमध्ये त्यानंतरच्या आठवड्यात किती तारा आल्या असतील याचा विचार करा. पूर्ण युद्धात रेजिमेंटचे साडेचार हजारांहून जास्त लोक गेले.

८. पॉपी लावू की नको? ऑफिसमध्ये कोणीच लावत नाही.

इंग्लंडहून बदली होऊन आलेल्यांचा हा हमखास प्रश्न. लंडनमध्ये नोव्हेंबरात टीव्हीवरचा प्रत्येक माणूस लाल पॉपी लावतो, इथे तसं नाही. इथे पॉपीकडे बरेच लोक ब्रिटिश आर्मीचं चिन्ह म्हणून बघतात, आणि त्या आर्मीने इथे काय केलं ते कोणी विसरलेलं नाही. मधला रस्ता म्हणून शॅमरॉक पॉपी निघाली, म्हणजे तीन पानांच्या आयरिश शॅमरॉकवर पॉपी.

आणि ती संसदेत लावून कोण गेला माहितीय का? लिओ वराडकर, नोव्हेंबर २०१७, पंतप्रधान असताना. मालवण तालुक्यातल्या वराडचे वराडकर. पेपरात बरीच चर्चा झाली, बाजूने आणि विरोधात पण. त्याच महिन्यात तो उत्तर आयर्लंडमध्ये एनिस्किलनच्या रिमेम्ब्रन्स संडेलाही गेला.

माझं मत विचाराल तर कार्यक्रमाला जाताना शॅमरॉकवाली लावा, ऑफिसात काहीच लावू नका. कोणी विचारलं नाही तर वाद पण होत नाही.

९. एखाद्या सैनिकाचं नाव कसं शोधायचं?

सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाईटवरून करा, फुकट आहे. आडनाव टाका, रेजिमेंट निवडा, युद्ध निवडा. पहिलं नाव पूर्ण टाकू नका, फक्त आद्याक्षर टाका, कारण रेकॉर्डमध्ये बऱ्याचदा तेवढंच असतं. आयरिश आडनावांची स्पेलिंगं चार-चार प्रकारे लिहिलेली असतात, सगळी करून बघा. मर्फी आणि केली शोधत असाल तर देव तुमचं भलं करो, तिथे सर्व्हिस नंबर असल्याशिवाय काही होत नाही.

निकालात कबर किंवा स्मारक कुठे आहे ते येतं. कबर नसेल तर घाबरू नका, बऱ्याचदा तसंच असतं असं धरून चाला. ज्यांचं शरीर सापडलं नाही किंवा ओळखू आलं नाही त्यांची नावं मोठ्या स्मारकांवर आहेत, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत पडलेल्यांची टीपवालला, गॅलिपोलीवाल्यांची हेलेसला. टॉम केटल असाच. कवी, प्रोफेसर, खासदार राहिलेला माणूस, आयरिश स्वराज्याचा पक्का समर्थक, ९ सप्टेंबर १९१६ ला सोमच्याच लढाईत जिंशी गावाला मारला गेला, कबर माहीत नाही, नाव टीपवालवर. ज्या कबरीत कोण आहे ते कळलं नाही तिच्यावर 'देवाला ठाऊक' अशा अर्थाची ओळ असते, ती ओळ निवडली रुडयार्ड किपलिंगने, जन्म मुंबईचा, त्याचा स्वतःचा मुलगा आयरिश गार्ड्समध्ये होता आणि १९१५ मध्ये फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत मारला गेला.

१०. मृत्यूची नोंद सापडली, पण सर्व्हिस रेकॉर्ड कुठेच मिळत नाही. लपवलंय का?

कोणी लपवलेलं नाही, जळलंय. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांचे कागद लंडनच्या एका गोदामात होते, सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्ब पडला आणि साधारण ६० टक्के गेले. उरलेले, कडा करपलेले, पाण्याचे डाग पडलेले, लंडनमधल्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ३६३ या नंबरखाली आहेत आणि पैसे भरून ऑनलाईन बघता येतात. मिळाले तर नशीब. नाही मिळाले तर मेडल इंडेक्स कार्ड बघा, ती जळली नाहीत. ऑफिसर असेल तर त्यांच्या फाईल्स वेगळ्या होत्या.

एक गोष्ट मात्र जरूर वाचा, त्यात तुमचा माणूस नसला तरी. मोनिका रॉबर्ट्स नावाची डब्लिनची तरुण मुलगी या सैनिकांना मोजे, सिगरेटी, खाऊ पाठवायची, आणि त्यांनी तिला खंदकातून लिहिलेली पत्रं डब्लिन सिटी लायब्ररीने स्कॅन करून ठेवलीयत. पार्सल मिळालं, मोजे बरोबर बसले, पुढच्या वेळी जमलं तर अमुक पाठवा, असली पत्रं. एखाद्याची पत्रं काही महिन्यांनी एकदम यायची थांबतात, मग कमिशनच्या वेबसाईटवर त्याची तारीख मिळते.

११. पणजोबा युद्धातून जिवंत परत आले, १९२८ ला वारले. त्यांचं नाव कुठल्याच स्मारकावर कसं नाही?

हा प्रश्न आयरिश सहकाऱ्यांकडून आपल्या लोकांमार्फत येतो, आणि सगळ्यात जास्त वेळा येतो. कमिशनची पहिल्या युद्धाची मुदत ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१. त्या तारखांमध्ये सैनिक म्हणून किंवा सेवेमुळे झालेल्या आजाराने गेलात तर सरकारी दगड, नाव, देखभाल. १ सप्टेंबर १९२१ ला त्याच वायूने सडलेल्या फुप्फुसांनी गेलात तर काही नाही, घरच्यांनी काय ते करायचं. आणि घरच्यांकडे पैसे नसायचे, त्यामुळे ग्लासनेव्हिन, डीन्स ग्रेंज अशा स्मशानांमध्ये कितीतरी माजी सैनिक बिनदगडाच्या जागेत आहेत.

अशांना शोधायचं तर युद्धाचे रेकॉर्ड सोडा आणि स्मशानाचं रजिस्टर धरा. ग्लासनेव्हिनचं रजिस्टर ऑनलाईन आहे. पेन्शनची कार्डं बघा. आणि किलेस्टर भाग असेल तर पत्ता बघा, माजी सैनिकांसाठी सरकारी ट्रस्टने तिथे अडीचशेच्या आसपास घरांची वसाहत बांधली होती, त्यामुळे वीसच्या दशकातला किलेस्टरचा पत्ता म्हणजे घरात कोणीतरी ब्रिटिश आर्मीत होतं याची बऱ्यापैकी खूण. आजोबांबद्दल घरात कोणी बोलायचं नाही ही तक्रार पण याच घरांमधून ऐकू येते.

कबरीवर दगड बसवायचा असेल तर जागा कोणाच्या नावावर आहे ते आधी स्मशानाच्या ऑफिसात विचारा. परवानगी त्या मालकाच्या वारसाची लागते, आर्मीची नाही.

१२. आयलंडब्रिजच्या पुस्तकात नाव आहे पण माणूस तर इंग्लंडचा निघाला?

होतं असं. त्या पुस्तकांत ४९ हजारांहून जास्त नावं आहेत, १९२३ ला छापलेली, आठ खंड, पानांच्या कडेची चित्रं हॅरी क्लार्कची, ती चित्रं तर बघाच. पण आयरिश रेजिमेंटमध्ये असलेले सगळे घातलेत, जन्म कुठलाही असो. उलट इंग्लिश रेजिमेंटमध्ये गेलेले कितीतरी आयरिश राहून गेलेत. त्यामुळे ते पुस्तक म्हणजे पुरावा नाही, सुरुवात आहे. पडताळणी प्रश्न ९ प्रमाणे करा.

१३. दुसऱ्या महायुद्धातले रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स कुठे सापडतील?

कुठेच नाही, प्रश्न ३ बघा. तेव्हा रेजिमेंटच नव्हती. आयर्लंड तटस्थ होता, पण हजारो आयरिश लोक इतर रेजिमेंट्समध्ये गेले, तिथे शोधा.

१४. ज्यांना आपल्याच आर्मीने गोळी घालून मारलं, त्यांची आठवण काढतात का?

काढतात. पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांवरून पहाटे गोळ्या घातलेल्यांमध्ये या रेजिमेंटचे पण होते. आयरिश सैनिकांना प्रमाणाबाहेर शिक्षा झाल्या असं म्हणत आयर्लंड सरकारने पण हा विषय लावून धरला होता. २००६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून अशा ३०६ जणांना माफी दिली. कमिशनच्या कबरीत मात्र आधीपासूनच फरक नव्हता, तोच दगड, तोच बिल्ला, शिक्षेचा उल्लेख नाही. तुम्ही शेजारी उभे राहिलात तरी कळणार नाही.

१५. १९१६ च्या बंडात याच रेजिमेंटने डब्लिनमध्ये आयरिश लोकांवर गोळ्या झाडल्या ना?

हो. ईस्टरच्या त्या आठवड्यात रेजिमेंटच्या ज्या बटालियन गावात होत्या त्यांना बंडवाल्यांवर पाठवलं. आणि हे फक्त रेजिमेंटमध्ये नाही, घराघरात होतं. मलोन भावांचं घ्या. विल्यम मलोन दुसऱ्या बटालियनचा सार्जंट, २४ मे १९१५ ला माउसट्रॅप फार्मला गेला. त्याचा भाऊ मायकेल आयरिश व्हॉलंटियर्समध्ये, ११ महिन्यांनी माउंट स्ट्रीट पुलाजवळ ब्रिटिश सैन्याशी लढताना मारला गेला. आई एकच. बंडवाल्या मुलाला वर्षानुवर्षं मान मिळाला, दुसऱ्याचं नाव काढायची चोरी.

किंवा एमेट डाल्टन. जिंशीच्या लढाईत याच रेजिमेंटचा ऑफिसर, मिलिटरी क्रॉस मिळालेला. घरी येऊन आयआरएमध्ये, म्हणजे ब्रिटिशांशी लढणाऱ्या आयरिश रिपब्लिकन आर्मीत गेला, आणि २२ ऑगस्ट १९२२ ला आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकेल कॉलिन्स मारला गेला तेव्हा त्याच्या बाजूला होता. आता याला कुठल्या खात्यात टाकणार?

१६. खडकीला हे आपल्याविरुद्ध लढले, १८५७ मध्ये तर काय केलं ते सगळ्यांना माहितीय. मग आपण का आठवायचं?

रागाने विचारतात, आणि राग बरोबर आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला गणेशखिंडीच्या माळावर, आज जिथे विद्यापीठ आहे त्या बाजूला, बापू गोखल्यांच्या फौजेसमोर मुंबईहून आलेली बॉम्बे युरोपियन रेजिमेंट उभी होती. दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघत होता. 'कर्की' म्हणजे खडकी, हा सन्मान रेजिमेंटच्या निशाणावर शेवटपर्यंत होता. मद्रासवाल्यांचं तर त्याहून वाईट, १८५७ मध्ये जेम्स नीलच्या हाताखाली अलाहाबादकडे लोकांना सरसकट फाशी दिली ते हेच. नीलचा मद्रासमधला पुतळा हटवायला सत्याग्रह झाला, १९३७ मध्ये तो रस्त्यावरून काढून म्युझियममध्ये नेला, आणि योग्यच केलं.

मी असं करतो. निशाणाला, लढाईच्या नावाला, जनरलला नमस्कार नाही. कमानीखाली उभं राहून एक नाव वाचायला मला काही अडचण वाटत नाही, कारण ते नाव असलेला माणूस बहुतेक वेळा डब्लिनच्या चाळीत दोन वेळचं मिळत नव्हतं म्हणून भरती झालेला असतो. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीतून पहिल्या महायुद्धात गेलेली पोरं पण त्याच राजासाठी लढली, त्यांना आपण गद्दार म्हणत नाही आणि म्हणूही नये. तुम्हाला हे पटलंच पाहिजे असं नाही. नीलचं नाव कोणी काढलं तर मी पण उठून जातो.

१७. खडकीची वॉर सिमेट्री त्याच लढाईची का?

नाही. ती दोन महायुद्धांची आहे, १८१७ ची नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी, आणि पहिल्या युद्धात भारतात मेलेल्या पण ज्यांच्या कबरींची देखभाल शक्य नव्हती अशा अठराशेहून जास्त लोकांचं स्मारक. कमिशनच्या साईटवर स्मारकाचं नाव टाकून रेजिमेंटप्रमाणे नावं चाळता येतात.

कंपनीच्या काळातला सैनिक हवा असेल तर सिमेट्रीत फिरून उपयोग नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी एन/३ खाली, आणि मुंबईच्या सैन्याचे कागद एल/एमआयएल/१२ खाली. दफनाच्या नोंदीत मृत्यूचं कारण कधी असतं कधी नसतं.

भीमा कोरेगावचा जयस्तंभ या रेजिमेंटचा का, हे पण विचारतात. नाही. १ जानेवारी १८१८ ला तिथे बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती, देशी शिपायांची, आणि स्तंभावरची '-नाक' ने संपणारी २२ नावं महार सैनिकांची आहेत. तो वारसा पूर्ण वेगळा आहे, त्याची सरमिसळ करू नका.

१८. कार्यक्रमाला गेलो तर हार, फुलं, नमस्कार चालतो का?

चालतो, पण साधं ठेवा. फुलं ठेवू शकता, हार घालायला पुतळा नसतो. बिगुल वाजतं तेव्हा बोलायचं नाही, फोन काढायचा नाही, टोपी काढायची, दोन मिनिटं उभं राहायचं. टाळ्या नाहीत. हात जोडले तर कोणी काही म्हणत नाही. अगरबत्ती नको. मुलांना न्या पण जाकीट घालून, आयलंडब्रिजला नदीवरचा वारा फार लागतो. नंतर चहा असतो आणि तिथे म्हाताऱ्या लोकांशी बोललात तर या पानापेक्षा जास्त माहिती मिळेल.

१९. पुण्याच्या जुन्या बाजारात एक मेडल मिळालं, कडेला बारीक अक्षरं आहेत. या रेजिमेंटचं का? आणि काय करू?

कडा नीट बघा, पॉलिश अजिबात करू नका, ब्रासोने तर मुळीच नाही. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश मेडलच्या कडेवर सर्व्हिस नंबर, हुद्दा, आद्याक्षर, आडनाव आणि रेजिमेंटचं तुटक नाव ठोकलेलं असतं, 'आर. डब. फस.' असं काहीतरी दिसलं तर तुमचं बरोबर. तारेच्या आकाराचं असेल तर नाव मागच्या बाजूला. मोठी ब्राँझची थाळीसारखी चकती असेल तर ती मेलेल्याच्या घरच्यांना दिलेली आहे, तिच्यावर नाव असतं पण हुद्दा मुद्दाम नसतो, शिपाई आणि जनरल सारखेच. कडेवर काहीच नाव नसेल तर बहुधा दुसऱ्या महायुद्धातलं किंवा नक्कल.

भिंग घ्या, बाजूने उजेड पाडून फोनने फोटो काढा, नंबर आणि आडनाव लिहून प्रश्न ९ आणि १० प्रमाणे शोधा. कुटुंब सापडलं आणि त्यांना द्यावंसं वाटलं तर पोस्टात टाकायच्या आधी थांबा, १०० वर्षांहून जुनी वस्तू भारताबाहेर पाठवायला १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो, पुरातत्त्व खात्याकडे आधी विचारावं लागतं. तोपर्यंत त्यांना कडेचे फोटो पाठवा. एका बाईंना मी एवढेच पाठवले होते, त्यांनी उलट विचारलं की विकत कितीला घेतलंत, आणि तेवढे पैसे पाठवायचा हट्ट धरला.